समुद्राखालची गुहा आणि साक्षीचा प्रश्न

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "सर, इतिहासात खरा पुरावा म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच का?" तेव्हा वेळ संपली होती म्हणून मी निसटलो. आज त्याचं उत्तर एका गुहेच्या निमित्तानं देऊ पाहतो. गुहा आणि तत्त्वज्ञानाचा मास्तर म्हटल्यावर तुम्हाला प्लेटो आठवणार. तो येईल, पण थोडा उशिरा.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर मार्सेय हे बंदर. त्याच्या पूर्वेला कासी नावाचं गाव आहे. आपली काशी नव्हे. या दोहोंमध्ये पांढऱ्या चुनखडीचे उंच कडे भूमध्य समुद्रात सरळ उतरतात. कडा पाण्यापाशी संपत नाही, खाली तसाच जातो; त्यात कपारी, कमानी आणि लांबच लांब बोगदे आहेत. हे बोगदे समुद्रानं कोरलेले नाहीत. पावसाचं पाणी चुनखडीत मुरतं, तिला हळूहळू विरघळवतं, त्यातून ते झाले. आणि झाले तेव्हा तिथं कोरडी जमीन होती. हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, जगाचं कितीतरी पाणी बर्फात अडकलं होतं आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटरनं खाली होती. किनारा कित्येक किलोमीटर दूर. आज जिथं मासे फिरतात तिथं घोडे चरत होते.

या पाण्यात माणूस मोकळेपणानं उतरू लागला तो १९४३ नंतर. त्या वर्षी झाक कूस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी श्वासाबरोबर आपोआप हवा सोडणारी झडप तयार केली. पाठीवरच्या त्या नळकांड्याला आपण सर्रास 'ऑक्सिजनचा सिलिंडर' म्हणतो. त्यात बहुतेक वेळा साधी दाबलेली हवाच असते. (मी स्वतः कृष्णेत पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकलेला माणूस. माझी पाणबुडेगिरी तिथंच संपते.)

आंरी कोस्केर हा कासीतला व्यावसायिक पाणबुड्या. १९८५ साली मॉर्जियूच्या भूशिराजवळ, ३७ मीटर खोलीवर, त्याला एका बोगद्याचं तोंड दिसलं. आता ३७ मीटर म्हणजे काय, हे समजून घ्या. तिथं दाब पृष्ठभागाच्या पावणेपाच पट, म्हणजे नळकांड्यातली हवाही तितक्याच वेगानं संपणार. वर डोक्यावर खडक, त्यामुळे घाबरलं तरी सरळ वर येण्याची सोय नाही. बोगदा सुमारे १७५ मीटर लांब, वर चढत जाणारा, आणि तळाशी बारीक गाळ. पायाच्या एका फटक्यानं तो उठला की बॅटरीचा उजेडही दिसेनासा होतो. मग दिशा सांगणारी एकच गोष्ट उरते, बाहेरून आत ओढत आणलेली दोरी. कोस्केर टप्प्याटप्प्यानं आत गेला आणि शेवटी एका मोठ्या दालनात पाण्याबाहेर आला. तिथं हवा होती. १९९१च्या उन्हाळ्यात त्याच्या लक्षात आलं की भिंतीवर माणसाच्या हाताचा ठसा आहे.

ही बातमी त्यानं सरकारदरबारी दिली ती सप्टेंबर १९९१मध्ये. त्याच्या अगदी आधी, १ सप्टेंबरला, तीन पाणबुडे त्याच बोगद्यात वाट चुकून मेले होते. हा क्रम मला अस्वस्थ करतो. कोस्केरला दोष द्यावा असं मला वाटत नाही. अशी जागा गाजावाजा होऊन नासू नये, असं कुणालाही वाटेल. पण ज्ञान जपण्यासाठी धरलेलं मौन आणि धोक्याची सूचना दडवणारं मौन बाहेरून सारखंच दिसतं.

आता प्लेटो. त्याच्या दृष्टान्तात कैदी गुहेतून बाहेर उजेडात येतो, परत जाऊन सांगतो, आणि आतले लोक विश्वास ठेवत नाहीत. इथं उलटं झालं. माणूस आतून बाहेर आला, म्हणाला चित्रं पाहिली, आणि बाहेरच्या उजेडातले काही विद्वान म्हणाले, बनावट असणार! त्यांचीही बाजू होती. चित्रं फार ताजी दिसत होती, त्या भागात अशी गुहा कधी सापडली नव्हती, आणि मुख्य म्हणजे स्वतः जाऊन पाहणं त्यांना शक्य नव्हतं. पण फाजील संशयाचीही किंमत असते. स्पेनमधल्या आल्तामिराची चित्रं १८७९ साली सापडली, ती खरी आहेत हे मान्य व्हायला १९०२ उजाडलं. तोवर ती उजेडात आणणारे सौतुओला वारले होते.

आपल्या न्यायदर्शनात प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला शब्द, म्हणजे आप्ताचं सांगणं, हेही स्वतंत्र प्रमाण मानलं आहे. वात्स्यायनांचं भाष्य म्हणतं की आप्त ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, लक्षण एकच: त्यानं वस्तू स्वतः जाणलेली असावी आणि ती जशी आहे तशी सांगण्याची त्याची इच्छा असावी. मग कासीचा पाणबुड्या का नको?

पण नैयायिक तिथंच थांबत नाही. झां कूर्तां हे पुरातत्त्वज्ञ स्वतः पाणबुडे होते. ते आत जाऊन आले. हे प्रत्यक्ष. झां क्लोत यांनी छायाचित्रांवरून तर्क केला: रेषांवर कॅल्साइटचा थर चढला आहे, तो काही वर्षांत चढत नाही. हे अनुमान. मग कोळशाची रेडिओकार्बन तपासणी झाली. एका हाताच्या ठशाचं वय सुमारे २७,००० रेडिओकार्बन वर्षं निघालं, पशूंच्या चित्रांपैकी काहींचं सुमारे १९,०००. वाद बहुतांशी मिटला.

आणि चित्रं कसली म्हणाल? घोडे, रानगवे, डोंगरी बोकड हे नेहमीचे. पण सीलही आहेत, आणि पेंग्विनसारखे दिसणारे तीन पक्षी. हे ग्रेट ऑक असावेत. १८४४नंतर पृथ्वीवर न उरलेले. हातांचे ठसे साठ-सत्तर, त्यांतल्या काहींची बोटं अपुरी. थंडीनं झडली, की मुद्दाम दुमडून खुणेची भाषा केली? मला दुसरं पटतं, कारण चित्रं काढणाऱ्यांचा हात फार सफाईचा आहे. पण हे माझं झुकतं माप समजा.

गुहेचा मोठा भाग आधीच बुडालेला आहे. राहिलं ते साधारण पाचवा हिस्सा. समुद्र वाढतोच आहे. २०११ साली पाणी एकदम १२ सेंटिमीटर चढलं आणि घोड्यांच्या चित्रांना लागलं. म्हणून सगळ्या भिंतींची लेझरनं मोजणी करून मार्सेयमध्ये प्रतिकृती उभारली. ती जून २०२२मध्ये खुली झाली. बोगद्याचं तोंड बंद आहे, आत फक्त संशोधक जातात.

म्हणजे आज जे मी तुम्हाला सांगितलं, त्यातलं मी काहीच पाहिलेलं नाही, आणि तुम्ही माझ्याकडून ऐकलंत. घोड्यांच्या खालच्या भागाचा रंग गेला आहे. तो पूर्वी कसा होता, हे आता छायाचित्रांना आणि आत जाऊन आलेल्या मोजक्या लोकांनाच विचारावं लागतं. हं, पहिला प्रश्न कुणाचा?