उडी ज्याची, हाडंही त्याचीच

घोडा उतारावरून पिटाळायचा, माडीवरून खाली उडी टाकायची, चौघांशी तलवारीचे दोन हात करायचे आणि धुळीने माखलेल्या त्याच अंगाने नायिकेशी प्रेमाचा प्रसंग रंगवायचा. मूकपटाच्या काळात मारधाडीच्या सिनेमातल्या नायकाचे काम असे होते. त्याच्या जागी दुसऱ्याने पडायचे ही सोय आपल्याकडे पुढे रुळली. त्यामुळे निर्माते नायक शोधायला जात ते नाटक कंपन्यांकडे, तसेच तालमींकडेही.

अमेरिकेत हीच गरज काऊबॉयनी भागवली. रेल्वे आणि काटेरी तारांची कुंपणे आली, गुरांचे कळप शेकडो मैल हाकण्याचे काम संपले आणि घोड्यावर हयात काढलेले हे गडी हॉलिवूडच्या वाटेला लागले. सनसेट आणि गॉवर या रस्त्यांच्या नाक्यावर ते आपल्याच बुटा-टोप्यांत रोजंदारीची वाट पाहत उभे राहत. याकिमा कनट हा त्या परंपरेतला सर्वांत मोठा माणूस. रोडिओच्या रिंगणात नाव काढून तो सिनेमात आला. १९३९ च्या 'स्टेजकोच'मध्ये तो धावत्या घोड्यांच्या जोडीवर झेपावतो, त्यांच्यामधून खाली पडतो आणि घोडे, गाडी असे सगळे त्याच्या अंगावरून निघून जाते. पुढे ऑस्कर देणाऱ्या अकादमीने खास पुरस्कार देऊन त्याच्या कामाची दखल घेतली.

महाराष्ट्रात काऊबॉय नव्हते, पण लाल माती होती. मल्लखांब होता, विष्णुपंत छत्रे आणि म्हैसाळच्या देवलांनी नावारूपाला आणलेली सर्कस होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागचे कुस्ती मैदान बांधून घेतले आणि त्याच शहरात काही वर्षांनी बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२३ च्या त्यांच्या 'सिंहगड'मध्ये लढाया दिसल्या, त्या आसपासच्या माणसांच्या आणि घोड्यांच्या बळावर. कॅमेरा हाताने फिरवायचा असे. हँडल जरा सावकाश फिरवले की पडद्यावर घोडे सुसाट सुटत आणि तलवारी विजेसारख्या चमकत. वेग असा उसना आणता येत होता. पडणे मात्र खरेच असे.

याच कंपनीतून पुढे आला मास्टर विठ्ठल. लहानपणी नाटकात काम केलेला हा मुलगा 'कल्याण खजिना'त नर्तकी म्हणून पडद्यावर दिसला. मुंबईला शारदा फिल्म कंपनीत गेल्यावर मात्र त्याच्या हाती तलवार आली आणि १९२६ च्या 'रतन मंजरी'पासून तो नायक झाला. त्या वेळी हिंदुस्थानात डग्लस फेअरबँक्सच्या 'थीफ ऑफ बगदाद'ने धुमाकूळ घातला होता. १९२७-२८ मध्ये सरकारने नेमलेल्या सिनेमॅटोग्राफ समितीपुढेही लोकप्रिय चित्रपट म्हणून त्याचेच नाव पुढे आले. विठ्ठलला 'हिंदुस्थानचा डग्लस' म्हणू लागले ते त्यामुळेच.

अर्देशीर इराणींनी पहिला बोलपट काढायचे ठरवले तेव्हा त्यांना हाच गडी हवा होता. तो करार मोडून गेला म्हणून शारदा कंपनी कोर्टात गेली आणि विठ्ठलची बाजू मांडली बॅरिस्टर महंमद अली जीना यांनी. खटला जिंकला, पण पुढची अडचण वकिलाच्या हातातली नव्हती. विठ्ठलची उर्दू कच्ची होती. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, तेव्हा हा उड्या मारणारा नायक बराच वेळ गुंगीत असल्यासारखा पडद्यावर वावरत होता. दहा जणांना लोळवणारा माणूस चार वाक्यांपुढे हरला.

बोलपटाने स्टंटपट संपायला हवा होता. झाले उलटेच. जे. बी. एच. आणि होमी वाडिया या पारशी भावांनी १९३३ मध्ये वाडिया मूव्हिटोन काढली आणि दोन वर्षांत 'हंटरवाली' आणला. त्यातली नादिया म्हणजे ऑस्ट्रेलियात जन्मलेली, सर्कशीत काम केलेली मेरी एव्हान्स. झुंबराला लोंबकळणे, माणूस खांद्यावर उचलून भिरकावणे ही कामे ती स्वतः करी. तिच्या हिंदीला कोणी दाद दिली नाही, पण हंटरच्या फटकाऱ्याला भाषा लागत नव्हती.

स्टंटपटाचे खरे भांडवल ते होते. वऱ्हाडचेच पाहा. आजचा वाशीम जिल्हा तेव्हा अकोल्यात मोडत असे आणि वितरकांच्या हिशेबात हा सगळा मुलूख 'सी. पी. बेरार' (मध्य प्रांत-वऱ्हाड) सर्किटचा. वऱ्हाडी बोलणाऱ्या शेतमजुराला उर्दूतली शेरोशायरी डोक्यावरून जाई. गुद्दा त्याला लगेच कळे. मोठ्या शहरांत समीक्षक सामाजिक चित्रपटांचे कौतुक करत असताना तालुक्याच्या गावांत आणि जत्रेतल्या तंबूत मारधाडीचे चित्रपट पैसे मिळवत होते.

या प्रेक्षकाची नाडी ज्याला सापडली तो मूळचा वऱ्हाडातलाच. भगवान आभाजी पालव यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ चा, अमरावतीचा. वडील मुंबईत गिरणी कामगार. मुलाला शाळेपेक्षा आखाडा जवळचा होता. नावामागे 'दादा' चिकटले तेही कुस्तीमुळेच. मूकपटात छोटी कामे मिळाली आणि १९३८ मध्ये चंद्रराव कदम यांच्याबरोबर त्यांनी 'बहादूर किसान' दिग्दर्शित केला. पुढची दहा-अकरा वर्षे त्यांनी स्वस्तातल्या स्टंटपटांचा सपाटा लावला. पासष्ट हजारांत सिनेमा हातावेगळा करत, असे सांगतात. कथा त्यांची, कपडे त्यांनी ठरवलेले, युनिटच्या जेवणाची व्यवस्थाही त्यांचीच आणि उडी मारायची वेळ आली की तीही तेच मारत. भगवानदादाही फेअरबँक्सचे भक्त. आपल्या जागी डुप्लिकेट उभा करणे त्यांना मान्य नव्हते.

या धंद्याची किंमत किती, ते १९४२ मध्ये एका थपडेने दाखवले. येवल्यात जन्मलेल्या ललिता पवार तेव्हा नायिका होत्या. स्टंटपटांतही त्यांनी नाव कमावले होते. 'जंग-ए-आझादी'च्या सेटवर भगवानदादांनी त्यांना मारायचे होते. हात जोरात बसला. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याची शीर फुटली, तीन वर्षे उपचार चालले आणि तो डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेची कामे संपली. पुढे त्याच डोळ्याने खाष्ट सासू उभी केली, 'अनाडी'तली मिसेस डिसा गाजवली आणि 'रामायण' मालिकेतली मंथरा घराघरांत पोचवली. एवढे झाले म्हणून आपण तो किस्सा हसत सांगतो. सेटवर ना विमा होता ना फाइट मास्टर ठरवून देई तसले अंतर. मारणारा आणि मार खाणारी, दोघेही अंदाजावर होते.

राज कपूरच्या सल्ल्यावरून भगवानदादांनी मारामारी बाजूला ठेवून १९५१ मध्ये 'अलबेला' काढला. सी. रामचंद्र यांचे संगीत, गीता बालीची साथ आणि पहिलवानाच्या अंगातला तो डुलता नाच. लोकांच्या लक्षात राहिले ते हेच भगवानदादा. नंतरच्या चित्रपटांनी पैसा बुडवला, जुहूचा बंगला आणि गाड्या गेल्या, आणि ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या चाळीत त्यांनी शेवटचा श्वास घेतला.

तोवर कामाची वाटणी पक्की झाली होती. चेहरा एकाचा, अंग दुसऱ्याचे. १९७५ च्या 'शोले'त डाकूंच्या पुढे टांगा दामटणारी बसंती म्हणजे धोक्याच्या प्रसंगांत रेश्मा पठाण होती. तिच्यावर चित्रपट यायला २०१९ साल उजाडले. विठ्ठल आणि भगवानदादांच्या काळात निदान हाड मोडणाऱ्याचे नाव पोस्टरवर असे.

त्या काळातले पाहायला मात्र फारच थोडे उरले आहे. सुमारे तेराशे मूकपट निघाले. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्यांतले तीसच्या आसपास आहेत, तेही काही अर्धेमुर्धे. 'आलम आरा'ची एकही प्रत शिल्लक नाही आणि भगवानदादांचे सुरुवातीचे स्टंटपट बहुतेक नाहीसेच झाले. संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर नायट्रेटच्या कितीतरी रिळांची माती झाली होती. म्हणून वाशीम, कारंजा, रिसोडकडे कोणाच्या माळ्यावर जुन्या टुरिंग टॉकीजची पोस्टर किंवा गाण्यांच्या चोपड्या पडून असतील, तर त्या रद्दीत घालू नयेत. पुण्याच्या संग्रहालयाला एक पत्र टाकावे.