वहिनींची पंगत



गेल्या रविवारी पाठशाळेत हरिकेशी मुनींची गोष्ट सांगत होते. चांडाळ कुळात जन्मलेले, यज्ञमंडपात अपमान झालेले आणि तपाने पूज्य ठरलेले हे मुनी उत्तराध्ययन सूत्राच्या बाराव्या अध्ययनात भेटतात. गोष्ट संपल्यावर नववीतल्या एका मुलीने विचारले, "मावशी, मग आपल्याकडे कामाच्या ताईंचा कप वेगळा का असतो?"

मला उत्तर देता आले नाही. घरी आले आणि कर्मवीर भाऊराव पाटील आठवले.

भाऊराव आपल्याच समाजातले. कोल्हापूर भागातल्या कुंभोजला, दिगंबर जैन घरात, २२ सप्टेंबर १८८७ ला त्यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. त्या काळात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले आणि भाऊराव तिथल्या कार्यक्रमाला गेले. परत आल्यावर त्यांना आंघोळ करून शुद्ध व्हायला सांगितले गेले. त्यांनी ऐकले नाही, म्हणून बोर्डिंग सोडावे लागले. म्हणजे अहिंसा शिकवणाऱ्या आपल्याच लोकांनी माणसाला माणूस शिवला म्हणून एका मुलाला बाहेर काढले. हे वाचताना मान खाली जाते.

पुढे १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, हातांनी कामे करत आणि एका पंगतीला बसत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव दिले गेले. भेदभाव म्हणजे काय हे त्या मुलांना वेगळे शिकवावे लागले नसेल. घरून आलेला विटाळ रोज ताटाजवळच गळून पडायचा.

पण पंगत म्हटली की स्वयंपाक आला, आणि तो करणारी बाई आली. ती म्हणजे भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. मुले भाऊरावांना अण्णा म्हणत आणि यांना वहिनी. सोवळेओवळे पाळणाऱ्या सधन घरातली ही लेक. आपल्या चुलीजवळ सगळ्या जातींच्या पोरांना येऊ देताना त्यांच्या मनाची किती ओढाताण झाली असेल, हे आपल्यालाच कळेल. नवऱ्याने व्याख्यान देणे वेगळे आणि आपण ताट वाढणे वेगळे. वहिनींनी वाढले. बोर्डिंगसाठी अंगावरचे दागिने एकेक करून दिले आणि धान्य संपले तेव्हा मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या गेल्या. त्यांनी लावायला मदत केलेल्या रोपाचा केवढा वड झाला, हे त्यांना पाहायला मिळाले नाही.

त्या वडाची एक पारंबी आपल्या दारात आहे. मंचरचे अण्णासाहेब आवटे महाविद्यालय रयतचेच. त्याच्या नावात महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनूंचेही नाव आहे. आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातली महादेव कोळी, ठाकर, कातकरी मुले शिकायला खाली येतात आणि आपल्या मुलांच्या शेजारच्या बाकावर बसतात.

याच मुलांचे आजी-आजोबा हिरडा घेऊन आमच्या दुकानात यायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा ते पायरीवर बसत. पाणी मागितले की तांब्या उंच धरून ओंजळीत ओतायचे, असे मला शिकवले गेले. मीही कित्येक उन्हाळे तसेच ओतले. पाणी गाळून द्यायला विसरले नाही, पेला द्यायला मात्र विसरले.

काहीजणी म्हणतील, आपला आहार वेगळा, म्हणून भांडी वेगळी. कंदमुळाचा, रात्रीभोजनाचा नियम मीही पाळते. पण चहाच्या कपात कसले कंदमूळ? आपल्या स्वयंपाकघरात आपलाच चहा पिणाऱ्या बाईचा कप वेगळा ठेवायचा, याला आहारशुद्धीचे नाव देऊ नये.

म्हणून या रविवारी मुलांना एक काम दिले. आठवडाभर घरात आणि दुकानात नुसते बघायचे: कोण खाली बसते, कोणाचे भांडे वेगळे, वयाने मोठे असूनही कोणाला "ए" म्हणून हाक मारली जाते. ते वहीत लिहायचे, कोणाचे नाव न घालता. पुढच्या वेळी त्यावर बोलायचे आणि तिथल्या तिथे काय म्हणता येईल याचा सराव करायचा. "काकू, वर बसा ना" एवढे म्हणायलाही सवय लागते. मोठ्यांना उलट बोलायचे नाही, आपण करून दाखवायचे, एवढेच ठरले आहे.

वह्यांत आपल्याबद्दलही लिहिले जाईल. वाचताना राग येईल, तेव्हा वहिनींची आठवण ठेवा. संवत्सरीला आपण सगळ्या जीवांना मिच्छामि दुक्कडम् म्हणतो. घरातल्या ताईंना मी ते आजवर म्हटले नव्हते. काल म्हटले, आणि वेगळा कप आतल्या कपांत मिसळून टाकला. आता तो मलाही ओळखू येत नाही.