खेळाच्या पडद्यापासून खोडदच्या दुर्बिणीपर्यंत

संगणक जुना होतो म्हणजे त्याचे नेमके काय होते? सायकलची साखळी झिजते, पंपाचा वायसर जातो. पण संगणकाच्या प्रक्रियकाला झीज अशी जवळजवळ नसते. दहा वर्षांपूर्वी तो सेकंदाला जितक्या बेरजा करत होता तितक्याच आजही करतो. (पंख्यात धूळ साठली की तो तापतो आणि जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो, हा भाग वेगळा. ते काम रंगाच्या ब्रशने भागते.) बदलते ते त्याच्यापुढे येऊन पडणारे काम.

कार्यालयातून बाद झालेला एखादा संगणक मुरबाडमधल्या घरात किंवा शाळेत येतो. पत्रे, निकालपत्रके, हजेरी ही कामे तो बिनतक्रार करतो. मग एखादा विद्यार्थी त्यावर नवा खेळ चढवतो आणि चित्र अडखळू लागते. ‘सर, यातला कोणता भाग बदलू?’ असे तो विचारतो. आमच्या मते हा प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही. शास्त्रज्ञांपुढेही तो आलेला आहे, आणि त्यांच्या उत्तराचा एक नमुना मुरबाडहून माळशेज घाट चढून गेल्यावर, नारायणगावजवळच्या खोडदला पाहायला मिळतो.

आधी खेळ इतका जड का असतो ते पाहू. पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. १९९३ साली आलेल्या ‘डूम’ या खेळात एका चित्रात आडवे ३२० आणि उभे २००, म्हणजे ६४,००० ठिपके असत. सेकंदाला जास्तीत जास्त ३५ चित्रे धरली तर साडेबावीस लाखांच्या आत ठिपके होतात. हे सारे काम तेव्हा मुख्य प्रक्रियकच करी. आज सर्रास दिसणाऱ्या १९२० × १०८० च्या पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर हाच आकडा १२ कोटी ४४ लाखांवर जातो. शिवाय प्रत्येक ठिपक्यासाठी उजेड, सावली, धुके यांचे गणित वेगळेच. मुख्य प्रक्रियकाने एकट्याने ओढावे असे हे ओझे राहिले नाही.

त्यावर तोड निघाली, कारण संगणकाच्या पेटीत आधीपासून काही जागा मोकळ्या ठेवलेल्या होत्या. आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये जो वैयक्तिक संगणक बाजारात आणला त्याच्या मुख्य पाटीवर पाच खाचा होत्या. खाचेत नवे कार्ड बसवावे आणि यंत्राला नवा गुण द्यावा, अशी ती रचना होती. कंपनीने मंडलांच्या आकृत्यांसह तांत्रिक पुस्तिकाही छापली. त्यामुळे इतरांना त्या खाचांत बसतील अशी कार्डे आणि पुढे तसेच संगणकही बनवता आले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन संगणक ‘असेम्बल’ करण्याचा जो धंदा वाढला, त्याचे मूळ या खाचांत आहे. चकचकीत पेट्यांपेक्षा या साध्या खाचांचे ऋण मोठे आहे असे आम्हाला वाटते.

१९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचे ‘वूडू’ कार्ड आले. ते फक्त त्रिमितीय चित्रांचे काम करी. नेहमीचे चित्रकार्ड काढून टाकायचे नाही. त्यातून निघालेली तार या नव्या कार्डात घालायची आणि पडद्याची तार नव्या कार्डाला जोडायची. जुने काम जुन्या कार्डाकडे, जड काम नव्याकडे. १९९९ मध्ये एनव्हिडियाने आपल्या ‘जीफोर्स २५६’ कार्डावरील चिपची जाहिरात ‘जीपीयू’ म्हणजे चित्रप्रक्रियक या नावाने केली आणि ते नाव रूढ झाले.

चित्रप्रक्रियकाची युक्ती शिक्षकांच्या परिचयाची आहे. तीनशे उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत. एकटे मुख्याध्यापक कितीही हुशार असले तरी वेळ लागणारच. तेच तीस जणांना एकच उत्तरसूची देऊन बसवले तर काम तासाभरात उरकते, कारण एक पेपर तपासताना दुसऱ्याचे गुण माहीत असण्याची गरज नसते. पडद्यावरचे ठिपकेही बहुतांशी असेच एकमेकांवर न अवलंबणारे. म्हणून चित्रप्रक्रियकात एका बलाढ्य गणकाऐवजी शेकडो, पुढे हजारो साधे गणक ठेवले गेले. २००७ मध्ये एनव्हिडियाने ‘कुडा’ ही आज्ञाप्रणाली उपलब्ध केली आणि या गणकांना चित्रांखेरीज इतर गणिते सांगणे पुष्कळ सोपे झाले. खेळासाठी बनलेली वस्तू प्रयोगशाळेत शिरली ती या वाटेने.

आता खोडद. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खभौतिकी केंद्राची ही दुर्बीण म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती १९९० च्या दशकात उभी राहिली. पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांची जाळी वापरून त्यांनी तबकड्या हलक्या आणि स्वस्त केल्या. चौदा तबकड्या मध्यभागी आणि सोळा तीन बाहूंवर अशा सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात त्या पसरल्या आहेत. आकाशाचे चित्र मिळवण्यासाठी दर दोन तबकड्यांच्या संकेतांचा एकमेकांशी गुणाकार करावा लागतो. तीस तबकड्यांच्या जोड्या किती? वर्गातल्या तीस मुलांनी प्रत्येकाशी एकदाच हात मिळवला तर जितके होतील तितक्या: ३० × २९ ÷ २ = ४३५.

सुरुवातीला हा गुणाकार खास त्यासाठी बनवलेल्या चिप करीत. त्या ३२ मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यापुरत्या होत्या. संकेत अंकांत नोंदवायचा तर पट्ट्याच्या रुंदीच्या किमान दुप्पट नोंदी दर सेकंदाला घ्याव्या लागतात. प्रत्येक तबकडीचे दोन, म्हणजे एकूण ६० संकेत. त्यांच्या सेकंदाला ३८४ कोटी नोंदी झाल्या. २०१० च्या सुमारास हे काम बाजारात मिळणाऱ्या साध्या संगणकांच्या समूहाकडे दिले गेले. त्यानंतरच्या मोठ्या सुधारणेत पट्टा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला आणि नोंदी ४,८०० कोटींवर गेल्या. काळाचा व वारंवारितेचा एकेक तुकडा स्वतंत्रपणे सोडवता येतो, म्हणजे पुन्हा उत्तरपत्रिकाच! इथे चित्रप्रक्रियक आले. वापरलेल्या टेस्ला के४० कार्डावर २,८८० गणक आहेत. त्यावरची चिप खेळाच्या कार्डांच्याच घराण्यातली, पण या कार्डाला पडदा जोडायचे तोंडच नाही.

या सुधारणेत काय बदलले नाही हेही पाहण्यासारखे आहे. तबकड्या त्याच राहिल्या. नवे संग्राहक, नवे विवर्धक आणि नवी गणनयंत्रणा टप्प्याटप्प्याने आली, आणि नवे बसेपर्यंत जुन्या यंत्रणेवर निरीक्षणे चालू होती. नुसती गणनयंत्रणा बदलून भागले नसते. अरुंद संग्राहकातून येणारा संकेत अरुंदच राहिला असता. पाटाचे पाणी जिथे चिंचोळ्या जागी अडते तिथेच खणावे लागते, आणि तिथे खणले की पुढची चिंचोळी जागा दिसू लागते.

घरच्या संगणकात ती जागा शोधायला पैसे लागत नाहीत. खेळात चित्राचे ठिपके निम्मे करून पाहावे. सेकंदाला दिसणारी चित्रे वाढली तर अडचण चित्रकार्डाची. तेवढीच राहिली तर बहुधा मुख्य प्रक्रियकाची, आणि मग महागडे कार्ड घेऊन उपयोग नाही. संगणक सुरू व्हायलाच पाच मिनिटे लागत असतील तर फिरत्या चकतीच्या हार्डडिस्कऐवजी एसएसडी घालावी. जुन्या यंत्रात सर्वांत जास्त फरक बहुधा याच एका बदलाने पडतो. मेमरी घेताना खाचेची जागा पाहावी: डीडीआर३ आणि डीडीआर४ यांची खाच मुद्दामच वेगळ्या जागी असते, जोर लावून बसवायची नसते. पावसाळ्यात मेमरीच्या सोनेरी टोकांवर थर बसला तर खोडरबर हलक्या हाताने फिरवतात. कार्ड घेताना विजेचा हिशेब करावा. खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, त्याहून अधिक हवे असतील तर विद्युतपुरवठ्याच्या डब्यातून वेगळी तार लागते आणि जुन्या डब्याला ती नसू शकते. पेटी उघडण्यापूर्वी मुख्य तार काढावी आणि पेटीच्या रंग नसलेल्या लोखंडाला हात लावावा, म्हणजे अंगावरचा स्थितिक विद्युतभार उतरतो.

एवढे करून नवे कार्ड बसवले आणि पडदा काळाच राहिला, तर घाबरून कार्ड परत करायला जाऊ नये. १९९६ मध्ये पडद्याची तार काढून नव्या कार्डाला लावायची हे पुस्तिकेत आकृतीसह सांगावे लागे. आजही नवशिक्यांची तार पुष्कळदा मुख्य पाटीच्या जुन्या तोंडातच राहिलेली असते.