सहा गोळ्या की एक?

बंदुकीशी माझा संबंध रोजचा आहे. फक्त तो तिच्या मागच्या बाजूनं आहे. म्हणजे असं की, बँकेच्या दाराशी आमचे गार्ड बंदूक घेऊन रस्त्याकडे तोंड करून बसतात आणि त्यांच्या पाठीमागे काउंटरवर मी बसतो. वीस वर्षांत त्या बंदुकीतून गोळी सुटलेली मी पाहिली नाही आणि माझ्या काउंटरवरची रांग झटपट सुटलेली गिऱ्हाइकांनी पाहिली नाही. धाक मात्र दोघांचाही टिकून आहे.

अशा माणसानं शिकारीच्या पिस्तुलांवर लिहावं हा आगाऊपणा झाला, मान्य. त्यातून आपल्याकडे शिकारीचं नावच काढायला नको. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, 1991 च्या दुरुस्तीनं हौसेच्या शिकारीचं उरलंसुरलं दारही लागलं, आणि लागलं ते बरंच झालं. पण आमच्या रद्दीवाल्याकडे एकदा किलोच्या भावानं जुन्या अमेरिकन मासिकांचा गठ्ठा मिळाला. त्यात एक वाद चालला होता: हातात मावणाऱ्या हत्यारानं हरणाच्या शिकारीला जायचं, तर सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर न्यावं की एकाच गोळीचं पिस्तूल? मिसळीत पोहे घालावेत की नाही यावर आपल्याकडे जेवढं रक्त आटतं, तेवढंच तिकडे यावर आटत होतं. वादाचं वेड हा सबंध मानवजातीचा समाईक खातेउतारा आहे, हे पाहून मला फार बरं वाटलं आणि मी मुळापासून वाचायला बसलो.

मूळ निघालं थेट आपल्या कलकत्त्याच्या वाटेवर! 1830 साली सोळा वर्षांचा सॅम्युअल कोल्ट ‘कॉर्व्हो’ नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून बॉस्टनहून कलकत्त्याला निघाला. जहाजाचं चाक फिरताना आणि ठरलेल्या जागी अडकताना पाहून आपल्याला फिरत्या नळकांड्याची कल्पना सुचली, असं तो पुढे सांगे. प्रवासातच त्यानं लाकडाचा नमुना कोरला. 1836 साली त्याला अमेरिकेचं पेटंट मिळालं, न्यू जर्सीतल्या पॅटर्सन गावी कारखाना निघाला आणि 1842 साली बुडालाही. (त्याच्या बँकरची मला दया येते.) पण 1847 साली मेक्सिकोच्या युद्धासाठी मोठ्या रिव्हॉल्व्हरांची मागणी आली आणि कोल्टचं नशीब फिरलं. फिरायचा त्याला सरावच होता.

ही हत्यारं तोवर माणसांसाठी होती. जनावरांचा नंबर लागला तो 1935 साली. स्मिथ अँड वेसन कंपनीनं ‘.357 मॅग्नम’ काढलं आणि घरातल्याच डग्लस वेसननं ते घेऊन एल्क, मूस असल्या थोराड जनावरांची शिकार करून दाखवली. म्हणजे मिठाईवाल्यानं स्वतःचा पेढा चारचौघांत खाऊन दाखवावा, तसंच. पण खरा भक्त एल्मर कीथ. आयडाहोतला हा गुराखी-लेखक. डोक्यावर भली मोठी हॅट. यापेक्षा ताकदवान काडतूस काढा म्हणून तो वर्षानुवर्षं कंपन्यांच्या मागे लागला होता. अखेर 1956 साली ‘.44 मॅग्नम’ बाजारात आलं. साडेपंधरा ग्रॅमची गोळी, सेकंदाला सुमारे चौदाशे फूट वेग. चाप ओढला की समोरच्याला काय व्हायचं ते होवो, ओढणाऱ्याचा हात आधी आकाशाला नमस्कार करून येतो. पुढे 1971 च्या ‘डर्टी हॅरी’ सिनेमात क्लिंट ईस्टवुडनं हेच हत्यार उगारलं आणि ते घरोघर पोचलं. त्या सिनेमातली मेख अशी की, गडबडीत गोळ्या पाच उडाल्या की सहा, हे कुणीच मोजलेलं नसतं. मला तो प्रसंग पटला नाही. मोजल्याशिवाय काउंटर सोडू नये, एवढं आमच्यात पहिल्या दिवशी शिकवतात.

या कीथनं एकदा सहाशे यार्डांवरचं हरीण रिव्हॉल्व्हरनं पाडल्याचं लिहिलं. सोबत्याच्या रायफलनं जखमी केलेलं ते हरीण निसटत होतं, म्हणून त्यानं गोळ्या झाडल्या. काही फुकट गेल्या, मग लागलं. लोकांचा विश्वास बसेना. मरेपर्यंत, म्हणजे 1984 पर्यंत, तो ते सांगत राहिला. 1979 साली आत्मचरित्र काढलं, त्याचं नावच ‘हेल, आय वॉज देअर!’; म्हणजे ‘अहो, मी होतो ना तिथं!’ आमच्या शाखेतल्या निवृत्त मंडळींच्या आठवणींना हेच नाव शोभेल.

आता दुसरा पक्ष. एकगोळीवाले हे मुळात जुन्या घराण्याचे. कोल्टच्या आधी सगळी पिस्तुलं बहुतेक एकगोळीच होती. पण त्यांचा पुनर्जन्म झाला तो 1963 साली, रेमिंग्टनच्या ‘एक्सपी-100’नं. रायफलीसारखा खटका आणि पिस्तुलासारखी मूठ. मग 1967 साली वॉरन सेंटर या कारागिरानं बेतलेलं ‘कंटेंडर’ आलं. चापाभोवतीची कडी मागं ओढली की नळी दुनळी बंदुकीसारखी मोडून खाली झुकते. एक काडतूस घालायचं आणि मिटायचं. खुबी अशी की, एक खीळ काढून नळीच बदलता येते. सकाळी सशासाठी .22 ची, दुपारी हरणासाठी .30-30 ची. नेम धरायची सोय नळीवरच असल्यामुळं नळीबरोबर नेमही बदलून येतो. आमच्या सौ.च्या मिक्सरची भांडी अशीच बदलतात. नेम मात्र दरवेळी नव्यानं धरावा लागतो.

ही .30-30 म्हणजे 1895 पासूनची रायफलीची काडतुसं. ती रिव्हॉल्व्हरात सहसा का घालत नाहीत? एक तर साध्या रिव्हॉल्व्हरात मावत नाहीत. नळकांड्याची लांबी ठरलेली. दुसरं, नळकांडं फिरायचं तर त्याच्यात आणि नळीत फट हवी. त्या फटीतून वायू निसटतो, थोडा जोर वाया जातो, आणि तिथं चुकून बोट ठेवलं तर पुढचे व्यवहार अंगठ्यावर करावे लागतील. 1961 साली स्मिथ अँड वेसननं निमुळत्या मानेचं ‘.22 जेट’ काडतूस रिव्हॉल्व्हरात घालून पाहिलं; ते उडताना मागं सरून बसे आणि नळकांडं अडकून पडे. सहा गोळ्या भरायच्या आणि एकीवर थांबायचं! म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या किमतीत एकगोळी पिस्तूल.

तेव्हा हिशेब साधा. एकगोळीला लांब नळी, दुर्बीण, रायफलीचं काडतूस. सराव असलेला माणूस दीडदोनशे यार्डांवरचा विचार करू शकतो. साध्या दृष्टीच्या रिव्हॉल्व्हरवाल्यानं शंभरच्या आत राहावं, पन्नासवर समाधान मानावं. उलट दाट झाडीत, समोर रानडुक्कर किंवा अस्वल असेल, तर पट्ट्याला लटकलेलं रिव्हॉल्व्हर झटकन हातात येतं आणि पहिली गोळी चुकली तर दुसरी तयार असते. एकगोळीवाल्याला तेवढ्यात खिसे चाचपावे लागतात. अस्वल सुट्ट्या पैशांसाठी थांबत नाही.

आता यात माझा पक्ष कोणता? मी जन्मजात रिव्हॉल्व्हरवाला. स्वयंपाकघरात झुरळ दिसलं की मी चप्पल फेकतो. ती भिंतीला लागते. दुसरी फेकतो, ती बरणीला लागते. सौ. मात्र चप्पल हातात घेऊन नुसती उभी राहते. एक मिनिट, दोन मिनिटं. मग एकच फटका. ‘तुमच्या पायात दोन चपला आहेत हे तुमच्या डोक्यात असतं,’ ती म्हणते, ‘म्हणून पहिली तुम्ही नीट मारतच नाही.’ बढतीच्या परीक्षेच्या बाबतीतही तिचं हेच निदान आहे. त्या नळकांड्यातली माझी पाच घरं रिकामी झाली आहेत.

एकगोळीवाले मासिकांत नेमकं हेच म्हणत होते: जवळ एकच गोळी असली की माणूस थांबतो, जवळ जातो, खात्री नसेल तर चाप ओढतच नाही. ते वाचलं आणि हसता हसता मी थांबलो.

आठ-नऊ वर्षांचा असेन. आजोळी मामेभावानं बेचकी करून दिली होती. खिसाभर खडे होते. परसातल्या शेवग्यावर एक होला बसला होता. मी धडाधड खडे मारले. खिसाभर असल्यावर नेम कोण धरतो? चौथा की पाचवा लागला. होला पडला नाही. एक पंख लोंबकळत ठेवून तो कसाबसा कुंपणापलीकडे गेला. आम्ही संध्याकाळपर्यंत शोधला. रात्री आजोबा जेवताना एवढंच म्हणाले, ‘मेला असता तर मी बोललो नसतो.’ बेचकी मी दुसऱ्या दिवशी विहिरीत टाकली. तो होला अजून माझ्या खात्यावर येणं दाखवतो, आणि ते खातं बंद करायची सोय नाही.

त्या गठ्ठ्यातली सगळी भांडणं फिरून फिरून या एकाच जागी येतात. सहाशे यार्डांवरचा कीथसुद्धा, स्वतःच्या सांगण्यानुसार, एका जखमी हरणाच्याच मागे होता. रिव्हॉल्व्हरवाला म्हणतो, जखमी झालं तर लगेच संपवायला दुसरी गोळी हवी. एकगोळीवाला म्हणतो, जखमी होईल असं मारूच नये. दोघांचंही बरोबर आहे. शिकार केली नाही तर दोघांचंही काम नाही, हे माझं आपलं तिसरं.

परवा हा प्रश्न मी आमच्या गार्डना विचारला. ते फौजेतून निवृत्त. सगळे त्यांना सुभेदार म्हणतात. त्यांच्याकडे बारा बोअरची एकनळी आहे, हे वीस वर्षांत प्रथमच माझ्या लक्षात आलं.

‘सुभेदार, तुमची तर एकच गोळी! दरोडेखोर चार आले तर?’

त्यांनी चहाचा घोट घेतला. ‘पहिला कोण व्हायचं, ते त्या चौघांनी ठरवायचं, साहेब.’

‘आणि ठरलंच तर?’

‘तर मग मला ठरवावं लागेल. ते अजून एकदाही ठरवावं लागलं नाही, म्हणून तर झोप लागते.’

एवढं बोलून ते पुन्हा रस्त्याकडे तोंड करून बसले. मी काउंटरवर आलो, समोरच्या गिऱ्हाइकाची नोटांची थप्पी उचलली आणि पहिल्याच वेळी नीट मोजली.