समोरचा हवा तो डाव देत नाही तेव्हा : देशी बुद्धिबळ आणि खेळ्यांचा क्रम

१/ कुस्ती आणि बुद्धिबळ या दोन्ही खेळांत मराठी भाषा ‘डाव’ हा एकच शब्द वापरते. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधवून घेतलेल्या खासबाग मैदानात पट काढायला वाकलेल्या मल्लासमोरून प्रतिस्पर्ध्याने पाय मागे घेतला, तर पाठ केलेला डाव तिथेच संपतो. चौसष्ट घरांच्या पटावरही हेच घडते. आवडते ओपनिंग तयार असते. समोरचा दुसऱ्याच खेळीला वाट बदलतो. मग काय करायचे?

२/ या प्रश्नाचे एक उत्तर भारतातील देशी बुद्धिबळाच्या इतिहासात सापडते. ‘जुन्या भारतीय खेळाडूंना ओपनिंग येत नसे’ हा समज फार काळ रूढ होता. पुस्तकी खेळ्यांच्या बाबतीत तो खराही आहे. पण खेळ्या पाठ नसल्यामुळेच त्यांच्या अंगी एक वेगळी शिस्त बाणली होती : आधी रचना ठरवायची, क्रम समोरचा पाहून ठरवायचा.

३/ देशी पद्धतीचे नियम पाहिले की याचे कारण उमगते. प्यादे पहिल्या खेळीलाही बहुधा एकच घर पुढे जाई. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी शह बसलेला नसेल तर राजाला एकदाच घोड्याची उडी घेता येई. राजासमोर राजा नसे, तर प्रतिस्पर्ध्याचा वजीर असे. शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे हवे ते मोहरे होत नसे. ज्या स्तंभात ते पोहोचले, त्या स्तंभाच्या मूळ मोहऱ्याचे रूप त्याला मिळे.

४/ अशा खेळात दोन्ही सैन्ये भिडायला वेळ लागे. त्यामुळे अनेक ठिकाणी प्रारंभी एका खेळाडूने ठरावीक खेळ्या एकदमच कराव्यात आणि मग दुसऱ्याने तितक्याच कराव्यात, असा प्रघात होता. अट एवढीच की पटाची मध्यरेषा ओलांडायची नाही. म्हणजे या टप्प्यावर क्रमाला जवळजवळ किंमतच नव्हती. किंमत होती ती सैन्य कसे उभे राहिले याला.

५/ पाश्चात्त्य पद्धतीशी या खेळाची गाठ महाराष्ट्रात लवकर पडली. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद छापला गेला. ‘युरोपीय पद्धतीला अनुसरून’ असे त्याच्या शीर्षकातच नमूद होते. पुढे १८९३ मध्ये पुण्याहून विनायक राजाराम टोपे यांचे बुद्धिबळावरील मराठी पुस्तक निघाले. दोन्ही पद्धती दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदल्या.

६/ युरोपीय नियमांत प्यादे पहिल्या उडीत दोन घरे जाते आणि दुसऱ्या खेळीलाच झुंज पेटू शकते. येथे क्रमाला एकाएकी मोल येते. एक खेळी आधी केली तर चाल फळते, नंतर केली तर तिचे दार बंद झालेले असते. देशी वळणाचा खेळाडू या नव्या जगात आला तेव्हा त्याने काय केले, याची नोंद कलकत्त्यात मिळते.

७/ जॉन कॉक्रेन हा कलकत्त्यातील बॅरिस्टर आणि त्या काळचा नामांकित खेळाडू. १८४८ च्या सुमारास त्याची गाठ महेशचंद्र बंदोपाध्याय यांच्याशी पडली आणि पुढे बरीच वर्षे दोघांचे डाव रंगत राहिले. कॉक्रेन राजासमोरचे प्यादे दोन घरे सरकवी. महेशचंद्र अनेकदा वजिरासमोरचे प्यादे एकच घर सरकवून घोड्याच्या पुढ्यातले प्यादेही एक घर उचलत आणि उंट त्यामागे बसवीत. देशी रचना तीच, पट मात्र नव्या नियमांचा.

८/ १८५५ मधील त्यांच्या एका डावाचा प्रारंभ पाहण्याजोगा आहे. पांढऱ्याचे डी-४, काळ्याचा घोडा एफ-६, सी-४, जी-६, घोडा सी-३ आणि आता डी-५. याच वळणाने १९२२ मध्ये ऑस्ट्रियाचा एर्न्स्ट ग्रुनफेल्ड खेळला आणि हा बचाव त्याच्या नावाने जगप्रसिद्ध झाला. तोवर महेशचंद्रांच्या डावाला सदुसष्ट वर्षे लोटली होती.

९/ येथे डी-५ तिसऱ्या खेळीलाच का? कारण पांढरा घोडा नुकताच सी-३ वर आलेला असतो. पांढऱ्याने प्यादे मारले, काळ्या घोड्याने ते परत घेतले आणि पांढऱ्याने ई-४ करून त्याला हुसकले, तर काळा घोडा माघार न घेता सी-३ वरचा घोडा मारून मोकळा होतो. मग जी-७ वरचा उंट पांढऱ्याच्या मध्यावर रोखला जातो. साऱ्या बचावाचा आधार हा एक घोडा आहे.

१०/ म्हणूनच वाट चुकवणारा प्रतिस्पर्धी नेमका तोच आधार काढून घेतो. तिसऱ्या खेळीला घोडा न काढता त्याने एफ-३ केले, तर तेच डी-५ वेगळे फळ देते : मारामारीनंतर ई-४ येते, बदलायला समोर घोडा नसतो आणि काळ्या घोड्याला बी-६ वर जावे लागते. डाव खेळता येतो. पण तो पाठ केलेला डाव नव्हे.

११/ दुसरी हुलकावणी याहून चतुर आहे. पांढरा सी-४ ने सुरुवात करतो, घोडा सी-३ वर आणतो आणि काळ्याने सवयीने जी-६ करताच ई-४ खेळतो. आता डी-५ चे दार बंद! ज्याला ग्रुनफेल्डच हवा, त्याने दुसऱ्याच खेळीला डी-५ करायला हवे होते. मग पुढे पांढऱ्याने डी-४ केल्यास ओळखीची स्थिती वेगळ्या वाटेने येऊ शकते. ज्याला किंग्ज इंडियन चालतो, त्याने मात्र निर्धास्तपणे जी-६ करावे आणि डी-६ ने रचना पुरी करावी.

१२/ पांढऱ्या बाजूने हीच कला पंजाबच्या मीर सुलतान खान यांनी दाखवली. देशी नियमांत वाढलेला हा खेळाडू १९२९ मध्ये इंग्लंडला गेला आणि १९२९, १९३२ व १९३३ असा तीनदा ब्रिटिश विजेता ठरला. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेता कापाब्लांकाला ६५ खेळ्यांत हरवले. पहिली खेळी होती घोडा एफ-३ : कोणते प्यादे पुढे येणार हे न सांगणारी. फिडेने २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला.

१३/ त्या डावातली पाचवी खेळी ए-३. कडेचे प्यादे एकच घर! वरवर ती देशी संथपणाची खूण वाटते. प्रत्यक्षात काळ्या उंटाला बी-४ वर येऊन सी-३ च्या घोड्याला जखडता येऊ नये, यासाठी ती आहे. पुढे हीच रचना जगज्जेता पेट्रोशियनच्या नावाने ओळखली गेली. पुस्तकात ए-३ चौथ्या खेळीला येते, घोडा नंतर. क्रम निराळा, मुक्काम एकच.

१४/ १९५५ मध्ये एलुरू येथे पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. आंतरराष्ट्रीय नियम रुजत गेले, तसा देशी खेळ मागे पडला. कोल्हापूरशेजारच्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नव्या नियमांत पिढ्या घडवल्या. पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या आणि १९९१ च्या आशियाई विजेत्या भाग्यश्री साठे-ठिपसे या सांगलीच्याच.

१५/ देशी नियम गेले, हे अपरिहार्य होते. त्यांच्याबरोबर एक सवयही गेली, ही हानी मात्र खरी. आज संगणकामुळे वीस-वीस खेळ्या मुखोद्गत करता येतात आणि समोरच्याने तिसऱ्या खेळीला वाट बदलली की तेच पाठांतर निरुपयोगी ठरते. महेशचंद्रांना कॉक्रेनच्या पुस्तकांची वाट चालायची नव्हती. सुलतान खान यांना कापाब्लांकाच्या तयारीत शिरायचे नव्हते. दोघांनीही प्रत्येक खेळीआधी आपली रचना कोणत्या मोहऱ्यावर उभी आहे आणि प्रतिस्पर्ध्याने त्यातले काय काढून घेतले, एवढेच तपासले. जे उरले, त्यावर डाव रचला.