रिप कर्बी, रे रोड आणि रद्दीत गेलेली मराठी

गेल्या महिन्यात भाच्याने एक जाडजूड पुस्तक आणून माझ्यापुढे ठेवलं. मोठा आकार, पक्की पुठ्ठा बांधणी, आत काळ्या शाईतली चित्रं. म्हणाला, "मामू, हाच ना तुमचा रिप कर्बी?"

पान उघडलं. चष्मा लावलेला, तोंडात पाइप धरलेला तोच माणूस. पट्टीला तारीख होती. ४ मार्च १९४६. त्या दिवशी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत ही चित्रमालिका सुरू झाली. पुढे प्रत्येक दिवसाची पट्टी क्रमाने लावलेली. एकही दिवस गाळलेला नाही.

मी पानं उलटत बसलो. आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण थोड्या वेळाने एक गोष्ट बोचू लागली. अमेरिकेतल्या कुठल्याशा मंगळवारी सकाळी कर्बीने काय केलं, हे आता कोणालाही तारखेनिशी काढून दाखवता येतं. पण हाच कर्बी रे रोडच्या आमच्या चाळीत मराठीत काय बोलायचा, ते कुठे शोधायचं?

कोण हा कर्बी?

नव्या वाचकांसाठी थोडं सांगतो. अ‍ॅलेक्स रेमंड हा अमेरिकन चित्रकार 'फ्लॅश गॉर्डन'मुळे आधीच नावाजलेला होता. दुसऱ्या महायुद्धात तो मरीन दलात गेला. परत आला तेव्हा 'फ्लॅश गॉर्डन' दुसऱ्याच्या हातात होतं. तेव्हा किंग फीचर्स सिंडिकेटसाठी त्याने नवा नायक उभा केला. हा नायकही युद्धावरून परतलेला मरीन होता, पण घरी येऊन खासगी गुप्तहेर झालेला.

त्याच्या आधी या प्रांतात नाव होतं ते डिक ट्रेसीचं. चेस्टर गूल्डने १९३१ साली, अल कपोनच्या काळात, ही पोलिसी मालिका सुरू केली. ट्रेसी म्हणजे कोरीव जबडा आणि पिस्तूल. कर्बीची तऱ्हा वेगळी. तो वाचणारा, विचार करणारा माणूस. त्याचा नोकर डेसमंड पूर्वाश्रमीचा घरफोड्या. कर्बीने त्याला हाकललं नाही, त्याच्या जुन्या विद्येचा तपासात उपयोग करून घेतला. लहानपणी मला कर्बीपेक्षा डेसमंडच जास्त आवडायचा. आमच्या वस्तीतल्या मुलांना कोणीतरी 'एकदा चुकलेला माणूसही घरात राहू शकतो' असं सांगणं गरजेचं होतं.

१९४९ साली या मालिकेसाठी रेमंडला अमेरिकन व्यंगचित्रकारांचा मोठा मानाचा रूबेन पुरस्कार मिळाला. ६ सप्टेंबर १९५६ रोजी मोटार अपघातात तो गेला. वय अवघं सेहेचाळीस. मग जॉन प्रेंटिसने ब्रश हाती घेतला आणि १९९९ पर्यंत मालिका चालवली. त्याच वर्षी प्रेंटिस वारला आणि कर्बीही थांबला. २००९ पासून एका अमेरिकन प्रकाशनाने या पट्ट्यांचे खंड काढायला घेतले. रेमंडची दहा वर्षं चार खंडांत बसली. पुढच्या खंडांत प्रेंटिस आला.

भंगाराचा बाजार आणि पाच पैशांचं वाचनालय

रे रोड हे नाव लॉर्ड रे यांचं. १८८५ ते १८९० या काळात ते मुंबईचे गव्हर्नर होते. १९१० साली कुर्ल्याहून हार्बरची गाडी इथपर्यंत आली आणि पंधरा वर्षं इथेच थांबली. १९२५ मध्ये पुढचा मार्ग झाला आणि बोरीबंदर ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी रे रोडवरून धावली. स्टेशनच्या खाडीकडच्या अंगाला दारूखाना. जगभर फिरून निकामी झालेली जहाजं इथे यायची आणि तुकडे होऊन विकली जायची. लोखंड, पितळ, दोरखंड, लाकूड, सगळ्याचे वेगळे ढीग.

अब्बा तिथल्या एका वखारीत हिशेब लिहायचे. आम्ही रत्नागिरीकडचे. घरात कोकणी बोली, अब्बांचं वाचन उर्दू, माझी शाळा महापालिकेची, मराठी. त्यामुळे आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत गुप्तहेरही तीन भाषांतले होते. अब्बांच्या उशाशी इब्ने सफींची 'जासूसी दुनिया'. कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद. १९५२ साली अलाहाबादहून सुरू झालेली ही मालिका, लेखक पाकिस्तानात गेल्यावरही, भारतात छापली आणि वाचली जात राहिली. हिंदीत हाच फरीदी 'विनोद' नावाने वावरायचा. शेजारच्या सावंतकाकांकडे बाबूराव अर्नाळकर. धनंजय आणि छोटू, झुंजार, काळा पहाड. आणि माझ्याकडे इंद्रजाल कॉमिक्स.

'टाइम्स'च्या प्रकाशन संस्थेने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केलं. आधी मासिक, मग पाक्षिक, पुढे साप्ताहिक. इंग्रजी, हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली अशा अनेक भाषांत ते निघायचं. सुरुवातीचे बत्तीस अंक निव्वळ वेताळाचे. मग मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, आणि आमचा रिप कर्बी. १९९० साली ते बंद पडलं, तोवर आठशेच्या वर अंक निघाले होते.

नवा अंक विकत घेण्याची आमची ऐपत नव्हती. नाक्यावर एका पत्र्याच्या टपरीत वाचनालय होतं. बाकड्यावर बसून वाचायचे पाच पैसे, घरी न्यायचे दहा. वर रद्दीवाला होताच. त्याच्या तराजूत पडण्याआधी कॉमिक उचलायचं, हे आमचं कौशल्य.

आमच्याच मजल्यावर माझा एक दोस्त होता. आजमगढकडचं कुटुंब, शाळा उर्दू. त्याला देवनागरी अक्षर फुटत नव्हतं. तो चित्रं बघायचा आणि मी वाचून दाखवायचो. पण मी मुद्दाम शेवटच्या पानाआधी थांबायचो. चिडून चिडून शेवटी त्याने स्वतःच अक्षरं लावायला सुरुवात केली. वर्षभरात तो मराठी वाचू लागला. कुठल्याही शिकवणीने नाही, खुनी कोण हे कळावं म्हणून.

आजही कोणी मला कौतुकाने विचारतं, "तुम्ही मुसलमान असून मराठी इतकं छान कसं?" तेव्हा मला ते बाकडं आठवतं. त्या बाकड्यावर हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

पट्टीचं पुस्तक कसं झालं?

भाच्याने आणलेला खंड वाचताना एक गोष्ट प्रथमच नीट कळली. कर्बीची मालिका मुळात रोजची. रविवारची रंगीत पुरवणी तिला नव्हती. दिवसाला तीन-चार चौकटी, काळ्या-पांढऱ्या. पहिल्या चौकटीत कालचं थोडं स्मरण, शेवटच्या चौकटीत उद्यासाठी उत्कंठा. वाचक चोवीस तास थांबणार, हे धरूनच ती लिहिलेली. एक गोष्ट कित्येक आठवडे चालायची.

इंद्रजालवाल्यांना ही आठवड्यांची गोष्ट एका पातळ पुस्तकात बसवायची होती. मग कात्री आली. स्मरणाच्या चौकटी गेल्या, काही चौकटी छाटल्या, काही ताणल्या, वर चार रंग चढले. नावंही बदलली जायची. वेताळाच्या बेंगाला देशाचं इथे डेंकाली झालं. मग शब्दांचे फुगे रिकामे करून त्यांत आपली भाषा भरली गेली.

म्हणजे आम्ही वाचला तो रिप कर्बी पूर्णपणे रेमंडचा किंवा प्रेंटिसचा नव्हता. तो मुंबईत नव्याने जुळवलेला होता. दारूखान्यात जहाज तोडून त्याच्या पत्र्यांतून दुसरंच काही घडवतात, तसा. अमेरिकन संग्रहात तो नाही, आणि असणारही नाही. तो फक्त त्या मराठी अंकांत होता.

आणि ते मराठी कोणाचं? इंग्रजी वाक्य इवल्याशा फुग्यात बसेल इतक्या मराठीत आणणं सोपं काम नाही. ते कोणीतरी दर अंकाला करत होतं. मी वाचलेल्या अंकांत अनुवादकाचं नाव पाहिल्याचं मला आठवत नाही. माझं पहिलं आवडतं मराठी गद्य कोणी लिहिलं, हे मला माहीत नाही.

हाती आलेलं एक पान

१९७८ च्या सुमाराची गोष्ट. आमचे एक चाचा बोटीवर खलाशी होते. मुंबईत आले की माझगावात गावच्या जमातीच्या खोलीवर उतरायचे. एकदा त्यांनी अम्मीसाठी काचेचे पेले आणले, परदेशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले. पेले फळीवर गेले, कागद माझ्याकडे आला. त्यावर कर्बीची एक पट्टी होती. काळी-पांढरी, इंग्रजीत, तीन चौकटी. मागचं-पुढचं काही नाही. ती मी वहीच्या पुठ्ठ्याला चिकटवली होती.

पुढे आबिद सुरतींच्या मुलाखती वाचल्या तेव्हा चमकलो. डोंगरीत वाढलेल्या सुरतींनी सांगितलं आहे की, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गोदीकडून येणाऱ्या गाडीतून गोरे सैनिक पोरांकडे खाऊ फेकायचे. एकदा कॉमिक पडलं, पोरांची झोंबाझोंबी झाली आणि त्यांच्या हाती एक पान लागलं. मिकी माऊसचं. ते पाहून पाहून ते चित्र काढायला शिकले. पुढे जे. जे. कला महाविद्यालयात गेले, 'धर्मयुग'मध्ये 'ढब्बूजी' गाजवला आणि १९७६ साली त्याच इंद्रजालसाठी 'बहादुर' लिहिला. चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. एका मारल्या गेलेल्या डाकूचा मुलगा, त्याला वाढवणारा पोलीस अधिकारी, आणि मोठेपणी गावोगावच्या नागरिकांना डाकूंविरुद्ध उभं करणारा तरुण. अंगात केशरी कुर्ता, खाली जीन्स.

चंबळच्या या नायकाचा लेखक आमच्यापासून दोन-तीन स्टेशनांवर राहिलेला एक मुसलमान आहे, हे तेव्हा आम्हाला ठाऊकही नव्हतं. ठाऊक असतं तर? मला वाटतं, त्या वस्तीतली दोन पोरं तरी जास्त लिहिती झाली असती. लेखकाचं नाव वाचकापर्यंत पोहोचणं ही लहान बाब नाही.

ट्रंक

माझ्याकडे सव्वाशे-दीडशे अंक जमले होते. पत्र्याच्या ट्रंकेत, पलंगाखाली. १९९०ला इंद्रजाल बंद झालं तेव्हा मी नोकरीला लागलो होतो, तरी ट्रंक तिथेच होती.

मग डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ आले. त्या दिवसांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मी इथे लिहीत नाही. आमच्या घरातलं कोणी दगावलं नाही, अल्लाहचे आभार. सावंतकाकांनी दोन रात्री आम्हाला आपल्या खोलीत ठेवलं. पण उन्हाळ्याच्या आत अब्बांनी ठरवलं की मुंब्र्याला जायचं. तशी कितीतरी कुटुंबं तेव्हा गेली. टेम्पोत जागा थोडी होती. मी कामावर होतो. अब्बांनी ट्रंक ठेवली आणि आतलं सगळं रद्दीत दिलं. 'जासूसी दुनिया'सुद्धा, स्वतःची. संध्याकाळी मला म्हणाले, "ट्रंकेत भांडी बसली सगळी." मी काही बोललो नाही. भांडी लागणारच होती.

दोस्ताचं कुटुंब त्याआधीच गावी गेलं होतं. तो पुन्हा भेटला नाही. मराठी वाचायला शिकलेला तो मुलगा आज आजमगढात असेल, तर तिथे त्याला मराठीत वाचायला काय मिळत असेल, असा विचार कधीतरी येतो.

पुरावा जपायचा असतो

इब्ने सफींच्या कादंबऱ्या अलीकडे हिंदीत आणि इंग्रजीत नव्याने आल्या. अर्नाळकरांच्याही काही कादंबऱ्या पुन्हा छापल्या गेल्या. चांगलं झालं. पण मराठी इंद्रजालचा असा क्रमवार संग्रह माझ्या हाती अजून आलेला नाही. चोर बाजारात शुक्रवारी एखादा अंक दिसतो, तोही प्लॅस्टिकच्या पिशवीत, हौशी संग्राहकाच्या भावात. काही वाचक आपल्याकडचे अंक स्कॅन करून ठेवतात. त्यांना सलाम.

कोणी म्हणेल, पोरांची कॉमिक्स, त्यांचा एवढा कसला इतिहास? अमेरिकेतही या पट्ट्या दुसऱ्या दिवशी रद्दीच होत होत्या. सिंडिकेटच्या छपाई-प्रती कोणीतरी जपल्या, म्हणून आज खंड निघाले. मराठी वाचनाचा इतिहास लिहिताना आपण ग्रंथालयांच्या नोंदी, दिवाळी अंक, पुरस्कार पाहतो. नाक्यावरच्या टपरीत पाच पैशांत वाचणारी मुलं कुठल्या नोंदवहीत नव्हती. ती मराठीत वाचत होती, याचा पुरावा ते अंकच होते.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरात, गावच्या माळ्यावर, मामाच्या ट्रंकेत मराठी इंद्रजाल असतील तर ती रद्दीत देऊ नका. पानांचे फोटो काढा. कोणत्या वाचनालयाचा शिक्का आहे, आत कोणाचं नाव लिहिलं आहे, तेही टिपून ठेवा. त्या काळी अनुवाद करणारं कोणी तुमच्या ओळखीत असेल, तर त्यांना आजच जाऊन भेटा. वयं झाली आहेत.

भाच्याचा खंड मी परत केला नाही. त्याच्या मुलीला रोज एक पान वाचून दाखवतो. इंग्रजी पट्टी, आणि मराठी मी माझ्या मनाने भरतो. काल शेवटच्या पानाआधी मुद्दाम थांबलो. ती चिडली आहे.