पुढचा क्रमांक कोण देतो?

बीड जिल्ह्यातील कोणत्याही शाळेचे जनरल रजिस्टर उघडा. क्रमांक एकापुढे एक चाललेले दिसतील. मूल शाळा सोडून गेले तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला देत नाहीत. ऊसतोडीला जाणाऱ्या आईवडिलांबरोबर गाव सोडलेला मुलगा पुढे कधी दाखला मागायला आला, तर याच क्रमांकावरून त्याची नोंद सापडते. तोच क्रमांक दोघांना गेला, तर कोणाची जन्मतारीख कोणाच्या दाखल्यावर येईल?

संगणकापुढेही हाच प्रश्न होता. १९७० साली एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत ठेवण्याची कल्पना मांडली. प्रत्येक ओळीला स्वतंत्र ओळख हवी, हे ठरले. क्रमांक देण्याची रीत मात्र प्रत्येक कंपनीने आपापली काढली. १९९५ साली जन्मलेल्या मायएसक्यूएलमध्ये रकान्यापुढे ‘ऑटो इन्क्रिमेंट’ लिहिले की पुढचा क्रमांक आपोआप पडतो. ऑरॅकलमध्ये २०१३ पर्यंत अशी सोय नव्हती. तेथे क्रमांक मोजणारा गणक वेगळा ठेवत आणि ‘ट्रिगर’ लिहीत. ट्रिगर म्हणजे नवी ओळ येताच आपोआप चालणारा छोटा आदेशसंच. तो गणकाकडून क्रमांक घेऊन ओळीत भरी.

मग ‘सर्वांत मोठा क्रमांक पाहा आणि त्यात १ मिळवा’ ही सोपी युक्ती का नको? समजा, दोन लिपिकांनी एकाच क्षणी ४१२ पाहिला. दोघेही ४१३ लिहितील! तात्पुरत्या तक्त्यात मात्र ही युक्ती बहुधा चालते. तो प्रवेशाच्या दिवसांतील कच्च्या वहीसारखा असतो: ज्याची वही त्यालाच दिसते आणि काम संपले की ती रिकामी होते. पण वहीतला क्रमांक पक्क्या रजिस्टरात तसाच उतरवू नये. तेथे गणकाचाच क्रमांक हवा.

मोठ्यांचीही येथे चूक झाली. मायएसक्यूएलच्या ‘इनोडीबी’ या तक्त्यांचा गणक केवळ स्मृतीत राही. शेवटची ओळ खोडून यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू केली, तर खोडलेला क्रमांक नव्या ओळीला मिळे. २०१८ साली आलेल्या ८.० आवृत्तीत हा दोष दूर झाला.

गणक मागे फिरत नाही. काम अर्धवट सुटले तर मधला क्रमांक रिकामा राहतो. तसा तो राहू द्यावा, असे आम्ही म्हणू. रिकाम्या क्रमांकाने कोणाचे बिघडत नाही. दोघांना मिळालेल्या एका क्रमांकाने एका मुलाची ओळखच पुसली जाऊ शकते.